चकाकी नको, भोक मोकळं हवं : जुना कार्बोरेटर घरी साफ करताना

आमच्याकडे १९९७ ची स्प्लेंडर आहे. एमएच १० पासिंग, टाकीचा रंग उडालेला, सीट दोनदा बदललेलं. तात्या तिच्यावरून मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना जायचे. आता ती सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या जिन्याखाली उभी असते आणि महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी बाहेर निघते. अशा गाडीचं दुखणं ठरलेलं. किका मारून मारून पिंढरी भरून येते, चोक लावल्यावर ती कशीबशी फुरफुरते आणि चोक काढला की मान टाकते. गॅरेजवाला गाडीकडे न बघताच सांगतो, "कचरा आलाय कार्बोरेटरमध्ये."

मी पहिल्यांदा तो कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, घरी उघडला तेव्हा दोन तास बसून टूथब्रशनं घासला. देवाची उपकरणी घासल्यासारखा लखलखीत केला. परत बसवला, किक मारली, गाडी होती तशीच. बंद काय होतं? पायलट जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून पेट्रोल जातं तो इवलासा पितळी तुकडा. तो मी बाहेर काढलाच नव्हता, कारण तो दिसलाच नव्हता. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि सगळा खेळ त्या भोकाचा असतो. तेव्हापासून बॉडी काळी राहिली तरी मला फिकीर नसते.

आत असतं काय

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फुगा असतो ना, तसाच कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत एक फ्लोट असतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि टोकदार निडल व्हॉल्व्हनं पेट्रोल बंद करतो. वाटीतलं पेट्रोल दोन पितळी जेटमधून वर खेचलं जातं. पायलट जेट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत स्लो जेट, गाडी जागेवर उभी असताना आणि थोड्या रेसवर पेट्रोल देतो. मेन जेट मोठ्या रेसवर. वर केबलला लटकलेली स्लाइड असते, तिच्या पोटात एक लांब निमुळती सुई. रेस दिली की स्लाइड वर जाते, सुईही वर जाते, आणि पेट्रोलला वाट मोकळी होते.

गाडी उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट, पिवळसर थर ठेवतं. जुन्या वॉर्निशसारखा वास येतो त्याला. सगळ्यात बारीक भोक आधी बुजतं, म्हणून चोक काढला की गाडी बंद पडते. त्यात आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. थोडं पाणी त्यात विरघळून राहतं, मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉलसकट तळाला बसतं. मग वाटीच्या तळाशी पांढरी पूड दिसते, ती धातूला लागलेल्या गंजाची. ऊस आमच्याच जिल्ह्यातला, इथेनॉल त्याचंच, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करायची!

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आलं. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. पण शेतातला फवारणीचा पंप, जनरेटर, लुना, जुनी स्कूटर, या सगळ्यांना लागू आहे. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या सुरू, आणि नेमका तेव्हाच महिनोन्महिने कोपऱ्यात पडलेला पंप दोरी ओढून ओढून दमवतो.

आधी खरंच कार्बोरेटरच आहे का ते बघा

चोकवर चालते, चोक काढला की मरते : पायलट जेट, किंवा मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या, जोडातून एअर घेतेय. जागेवर ठीक, पण हायवेला अंग टाकते : मेन जेट, पेट्रोल कॉकची जाळी, नाहीतर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक. हे शेवटचं तपासायला पाच सेकंद लागतात, झाकण उघडून पुन्हा किक मारायची. उभ्या गाडीतून पेट्रोल ठिबकतंय : निडल व्हॉल्व्ह किंवा फ्लोट. प्लग काळाकुट्ट, धूर काळा : आधी एअर फिल्टर बघा, मग चोक पूर्ण सुटतोय का ते.

प्लगला ठिणगी नसेल तर कार्बोरेटर धुवून काही मिळणार नाही. आणि वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा. उजेडात धरून बघा. तळाशी पाण्याचे मणी गडगडताना दिसले, तर निम्मं निदान तिथेच झालं. कधी कधी एवढ्यानंच गाडी चालू होते आणि पुढचं सगळं वाचायची गरज उरत नाही.

जागा, वेळ आणि जीव

पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. सांगलीच्या एप्रिलची तर बातच सोडा. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, फरशीवर पसरत जाते, पायऱ्या उतरते, कोपऱ्यात साचते. म्हणून बंद खोलीत, जिन्याखाली, बाथरूममध्ये हे काम करायचं नाही. गॅस गिझर, शेगडी, इन्व्हर्टर, बोअरची मोटर, सगळ्यांपासून लांब. अंगण किंवा गच्ची बरी. सकाळी बसा आणि तिन्हीसांजेच्या आत उठा, कारण संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागतो आणि तो नेमका जमिनीलगतच असतो. घरात आधी सांगून ठेवा. उदबत्ती, विडी, मुलांच्या फटाक्याच्या टिकल्या, काही नको.

शेजारी वाळूची बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं तर जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. पावडरचं छोटं अग्निशामक सिलिंडर असेल तर उत्तमच.

डोळ्यांना चष्मा हवाच, आणि नंबरचा नव्हे, बाजूनं बंद असलेला. याचं कारण स्वानुभव आहे. मी एका भोकात क्लीनरचा स्प्रे मारला आणि तो आतून वळसा घेऊन दुसऱ्याच भोकातून थेट डोळ्यात आला. पंधरा मिनिटं नळाखाली डोळा धरून उभा होतो, बायको मागून वेळ मोजत होती. डोळ्यात गेलं तर चोळू नका, तेवढा वेळ पाणी मारा आणि डॉक्टर गाठा. हातमोजे नायट्रिलचे घ्या. साधे पातळ रबरी मोजे पेट्रोलमध्ये फुगून लिबलिबीत होतात.

तोंडानं पाइप ओढून पेट्रोल काढायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा. पेट्रोल पोटापेक्षा फुप्फुसात गेलं तर जास्त घात करतं. चुकून गिळलं गेलं तर उलटी काढायची नाही, सरळ दवाखाना.

लागणारं सामान

दहाचा पाना, पक्कड, स्टारचा आणि सपाट स्क्रूड्रायव्हर, कार्बोरेटर क्लीनरचा कॅन, औषधाच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज (सुई नको), जुना टूथब्रश, पांढरं सुती कापड, आणि जेवणाचं मोठं ताट. ताट विनोदासाठी नाही. त्यात उघडलं की उडालेली स्प्रिंग ताटातच पडते. वाटीचं गॅस्केट, ओ-रिंग आणि निडल व्हॉल्व्ह असलेलं किट आधीच आणून ठेवा. दुकानात जुना कार्बोरेटर नेऊन दाखवायचा, नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही.

स्क्रूड्रायव्हरबद्दल जरा थांबतो. जपानी बनावटीच्या कार्बोरेटरवरचे स्टारचे स्क्रू दिसायला नेहमीसारखेच, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते. साधा ड्रायव्हर त्यातून सटकतो आणि खाच गोल होते. नीट बसणारा ड्रायव्हर शोधा. फिरवण्यापेक्षा दाबायला जास्त जोर लावा. अगदीच अडला तर ड्रायव्हर खाचेत ठेवून डोक्यावर हातोडीची एकच हलकी टिचकी द्या.

उतरवणं

इंजिन थंड हवं. कॉक बंद करा, वाटी रिकामी करा, पेट्रोलचा पाइप काढा. पाइप कडक झाला असेल तर ओढू नका, फिरवत फिरवत काढा. कडक पाइप तसाही बदलायचाच असतो. वरची टोपी उघडली की केबलसकट स्लाइड आणि सुई बाहेर येते. ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हँडलला अडकवा. सुई वाकली तर संपलं. मग एअर फिल्टरकडचा क्लॅम्प सैल करून मॅनिफोल्डचे दोन बोल्ट काढा. काही गाड्यांत बोल्टांऐवजी क्लॅम्पच असतो. इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ कापडाचा बोळा बसवा. आत नट पडला की लेखाचा विषयच बदलतो.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. सुईवरची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे, तेही.

बाहेरची माती आणि ग्रीस उघडण्याआधीच काढा. ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं.

आता ते बारीक भोक

बाजूला एक-दोन स्क्रू दिसतील. लांब स्प्रिंगवाला जाडा असतो तो रेसचा, बारीक असतो तो मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा. मिक्श्चरचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत फिरवा आणि टेकेपर्यंत किती आटे बसले ते मोजून लिहा. टेकला की थांबा. आवळला तर टोक रुतून बसतं. आता बाहेर काढा. त्याच्यावर स्प्रिंग, वॉशर आणि इवलीशी ओ-रिंग असते. ओ-रिंग बहुतेक वेळा भोकातच चिकटून राहते, आणि लोकांना वाटतं की नव्हतीच.

वाटीचे स्क्रू आळीपाळीनं सैल करा. वाटी चिकटली असेल तर लाकडी दांड्यानं ठोका, फटीत ड्रायव्हर घालून उचकटू नका. फ्लोटची पिन एका बाजूनं सरकते. ती ज्या दोन खुंट्यांत बसते त्या मऊ धातूच्या असतात आणि तुटल्या की बॉडीच बदलावी लागते. जोर नको.

मेन जेट समोर दिसतो. पायलट जेट शेजारच्या खोल नळकांड्यात लपलेला असतो; टॉर्च मारल्यावर तळाला पितळेची चीर दिसते. तिच्या पूर्ण रुंदीत बसेल असाच ड्रायव्हर घ्या. लहान घेतला तर पितळ सोलून निघतं. जेट अडला असेल तर रात्रभर रॉकेल किंवा डिझेलमध्ये बॉडी बुडवून ठेवा. तरीही हलेना तर बॉडी पूर्ण सुकवून, पेट्रोल-डिझेल सगळं लांब ठेवून, तिच्यावर उकळतं पाणी ओता. बॉडीचा मिश्रधातू पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि आटे किंचित सुटतात. ज्योत मात्र दाखवायची नाही.

काढलेला जेट डोळ्याजवळ, आभाळाकडे धरून बघा. मोकळा असेल तर स्वच्छ गोल उजेडाचा टिपका दिसतो. आमच्या गाडीचा पहिल्यांदा बघितला तेव्हा आत अंधारच होता, आणि क्लीनरमध्ये रात्रभर भिजवल्यावर चतुर्थीच्या चंद्राएवढी कोर दिसली. कोर दिसली म्हणजे साफ झाला असं समजू नका. गोल दिसायला हवं.

टाचणी, शिलाईची सुई, ब्रेकच्या केबलची तार, यातलं काहीही घालू नका. पोलाद पितळेला ओरखडतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. मऊ तांबं चालतं. जुन्या चार्जरची वायर सोला, केसासारख्या तारांतली एकच तार घ्या आणि अलगद आत-बाहेर करा. जेटच्या अंगालाही आडवी बारीक भोकं असतात, तीसुद्धा बघा.

बॉडी धुणं

इथे पहिली गोष्ट रबराची. ओ-रिंग, गॅस्केट, निडल व्हॉल्व्हचं रबरी टोक, प्लास्टिकचा फ्लोट, हे सगळं काढून बाजूला ठेवा. क्लीनर रबर फुगवतो. फुगलेलं वाटीचं गॅस्केट खाचेत बसेना तर एक दिवस हवेवर ठेवा, बहुतेक वेळा मूळ आकारावर येतं. काही मोठ्या गाड्यांत स्लाइडच्या डोक्यावर पातळ रबरी पडदा असतो आणि पाठीवरच्या छोट्या पंपांत वाटीच्या जागीच पडदा असतो. त्याला स्प्रेही नको आणि दाबाची हवाही नको.

कॅनची नळी एकेका भोकाला लावा आणि दुसरीकडून धार कुठून येते ते बघा. पायलट जेटच्या नळकांड्यात मारलं की मिक्श्चर स्क्रूच्या भोकातून धार यायला हवी. ते भोक बोटानं दाबून पुन्हा मारा, आता कार्बोरेटरच्या गळ्यातल्या, इंजिनाकडच्या टिचभर भोकांतून बारीक फवारा उडेल. तो सरळ आणि जोरात उडाला की तुमचं काम झालं. नुसतं ओलं होऊन ओघळलं तर अर्धा तास भिजू द्या आणि पुन्हा मारा. कॅन संपला तर सिरिंजमध्ये क्लीनर किंवा डिझेल भरून दाबता येतं. घाईपेक्षा भिजवण्यावर भिस्त ठेवा.

नंतर हवा. सायकलचा पंप चालतो. पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर असेल तर लांबून मारा.

घरगुती उपायांचं काय? चिंच, व्हिनेगर, लिंबू घालून उकळणं, हे मला पटत नाही. ही बॉडी जस्त किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. आम्ल तिला खातं, आणि आधी उजळून मग काळी पाडतं. कॉस्टिक सोडा तर मुळीच नाही, तो अॅल्युमिनियमशी उकळी फुटल्यासारखा भांडतो आणि हायड्रोजन सोडतो. चष्म्याच्या दुकानात असतं तसं अल्ट्रासॉनिक यंत्र कुणाकडे मिळालं तर सोनंच, पण त्यात साबणाचं पाणी घालायचं, पेट्रोल कधीच नाही.

पुरातल्या गाडीचं गणित वेगळं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी तिच्याकडे सरकायला लागलं की नदीकाठच्या गल्ल्यांतल्या गाड्या उंचावर जातात. २०१९ च्या पुरात बऱ्याच जाऊ शकल्या नाहीत. बुडालेल्या गाडीला किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, वाकू शकतो. प्लग काढा, ऑइल सोडून बघा. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर आधी इंजिनाचं बघा. कार्बोरेटरमधला कृष्णेचा गाळ पेट्रोलमध्ये विरघळत नाही. तो आधी साध्या पाण्यानं धुवा, सुकवा आणि मगच क्लीनर घ्या. मी हे उलटं करून एक अख्खा कॅन फुकट घालवला आहे.

फ्लोट आणि निडल

फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ वाजलं तर त्यात पेट्रोल शिरलंय. पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावर त्याला कोमट-गरम पाण्यात दाबून धरा, बुडबुडे आले तर चिरलाय. डाग देत बसू नका, वजन बदलतं, नवा घ्या. निडलच्या टोकावर नखानं जाणवेल अशी कडा पडली असेल तर तीही बदला. आता निडल आणि फ्लोट बसवून कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोलच्या नळीला स्वच्छ पाइप लावून हलकं फुंका. हवा अडायला हवी. फ्लोटची उंची कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. ती बघितल्याशिवाय निडलला टेकणारी फ्लोटची पत्री वाकवायच्या फंदात पडू नका.

परत जोडताना

सगळं उलट क्रमानं. जेट बेताचे आवळा, पितळेचे आटे आहेत. मिक्श्चरचा स्क्रू टेकवून मोजलेले आटे मागे घ्या. कागद हरवला असेल तर दीड ते दोन आट्यांवरून सुरुवात करा.

स्लाइडच्या खालच्या कडेला एका बाजूनं कापलेला अर्धचंद्र असतो. तो एअर फिल्टरकडे यायला हवा. आतल्या खुंटीवर स्लाइडची खाच बसली की ती सरळ खाली सरकते. टोपी लावल्यावर, गाडी चालू करण्याआधी, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा. 'टक' असा आवाज येऊन स्लाइड खाली पडली पाहिजे, हँडल डावीकडे वळवून, उजवीकडे वळवूनही. नाही पडली तर किक मारू नका. रेस अडकलेली गाडी गल्लीत काय करते ते मला बघायचं नाही.

कॉक उघडा आणि पाच मिनिटं काही करू नका. ओव्हरफ्लोच्या पाइपखाली वर्तमानपत्र ठेवा. कोरडं राहिलं की मगच किक. तोवर स्प्रेचा वासही उडालेला असतो.

गाडी चांगली तापल्यावर मिक्श्चर. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा. आत फिरवला की हवा कमी आणि पेट्रोलचं प्रमाण जास्त. इंजिनाच्या बाजूला असेल तर बरोबर उलट. पाव-पाव आटा फिरवत जा, दर वेळी दहा सेकंद ऐका. जिथे इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं चालतं तिथे थांबा आणि वाढलेली रेस रेसच्या स्क्रूनं उतरवा. एकदम रेस देऊन बघा. अडखळली तर किंचित पेट्रोलकडे न्या.

कचरा आला कुठून

कार्बोरेटर कचरा तयार करत नाही, त्याला तो वरून मिळतो. टाकीत टॉर्च मारा, म्हणजे ठिणगी न उडणारा एलईडी. तळ तांबूस दिसला तर गंज आहे. कॉकची जाळी काढून धुवा, पेट्रोलच्या पाइपात छोटा फिल्टर बसवा आणि तो बाण बघून बसवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग ड्रेन स्क्रूनं उरलेलं काढा. मी एवढं एकच पाळायला लागलो आणि तीन पावसाळे कार्बोरेटर उघडलेला नाही.

राहिलं वापरलेलं पेट्रोल. गटारात नको, झाडाच्या आळ्यात नको, चुलीत तर नकोच. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीतही नको, घरात मुलं असतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, वर मोठ्या अक्षरात लिहा आणि गॅरेजवाल्याकडे द्या. वापरलेलं ऑइल नेणारे त्याच्याकडे येतच असतात. ओली फडकी गोळा करून ठेवू नका, दोरीवर सुटी पसरून पूर्ण वाळवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली वाकून बघा. वाटीच्या जोडाला बोट लावा आणि वास घ्या. बोट ओलं असेल तर गॅस्केट खाचेतून निसटलंय. वाटी पुन्हा उतरवायची, एवढंच. जेटला हात लावायचा नाही.